शुभ सकाळपुरती जागा

बदलापूर, ९ सप्टेंबर

अनू,

आधी आशीर्वाद घे, मग रागाव. मोठ्या बहिणीचं पत्र आहे, न वाचता फाडू नकोस. फाडायचंच असेल तर वाचून फाड.

तू मला व्हॉट्सॲपवर ब्लॉक केलंस. मग ह्यांना केलंस. साधा फोन लावला तर एकदा वाजतो आणि गप्प होतो, म्हणजे तिथेही दार बंद. घरच्या ग्रुपमधून तर तू साखरपुड्याच्या दुसऱ्याच दिवशी बाहेर पडलीस. मी जेवत होते, तेवढ्यात ते वाचलं आणि आमटी पानात तशीच राहिली. पण पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, तेव्हा म्हटलं पत्र लिहावं. पोस्टात पाकिटं मागितली तर खिडकीतल्या बाईंनी चष्मा खाली करून माझ्याकडे पाहिलं. मी तिथेच पत्ता लिहिला, तो वाचून म्हणाल्या, अहो, अंबरनाथ तर पुढचंच स्टेशन. मी म्हटलं, हो, पण सध्या लांब पडतं.

भांडण पुन्हा उकरायचं नाही असं ठरवून बसले होते, पण थोडंसं उकरते. राजसीच्या साखरपुड्याला फोटोग्राफर नको, ताई आहे, असं तूच म्हणाली होतीस. मी सकाळपासून व्हिडिओ काढत होते. हॉलचं तोरण, व्याह्यांचं स्वागत, ओटी, तुझ्या जाऊबाईंचा फुगलेला चेहरा, सगळं आलं. पुष्करने अंगठी पुढे केली आणि त्याच क्षणी फोनने सांगितलं, स्टोरेज भरलं. अंगठी बोटाच्या अलीकडे राहिली ती राहिलीच. त्यावर तू भर मांडवात म्हणालीस, "दुनियेच्या गुड मॉर्निंगला जागा आहे तुझ्या फोनमध्ये, माझ्या पोरीच्या अंगठीला नाही." मीही काहीतरी बोलले. व्याह्यांनी ऐकलं, ते वाईट झालं.

आता मुद्द्याचं. लग्न मार्गशीर्षात आहे हे मला राजसीकडून नाही, वाण्याकडून कळलं. मला बोलावणार की नाही, ते तू ठरव. मावशीशिवाय लग्न लागतं, भटजी काही हजेरी घेत नाहीत. पण बोलावलंस, तर या वेळी माझ्या हातात असा फोन असेल की सप्तपदीपासून पाठवणीपर्यंत कुठेही अडणार नाही. मी नवीन फोन घेणार आहे. त्यासाठी जुना विकणार आहे. हे कसं जमवते ते तुला कळवत राहीन, कारण दुसऱ्या कुणाला सांगण्यात मजा नाही.

तुझं नाव माझ्या फोनमध्ये अजून 'अअ अनू' असंच आहे. यादीत सगळ्यात वर यावं म्हणून दोन अ लावले होते, आठवतं? त्याच्याखाली 'अहो'. गॅसवाल्याला फोन करायचा झाला तरी आधी तू दिसतेस. बदलायला पाहिजे, पण वेळ मिळाला नाही.

तुझी ताई
(हे नातं सेटिंगमध्ये जाऊन बंद होत नाही)


बदलापूर, ३ ऑक्टोबर

अनू,

पहिल्या पत्राला उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. पण परतही आलं नाही, म्हणजे तू घेतलंस.

काल दसरा. सोनं द्यायला कुणी कुणी आलं. संध्याकाळी मी आपट्याची दोन पानं देव्हाऱ्यात वेगळी ठेवली. कुणासाठी ते विचारू नकोस.

आम्ही मध्ये उल्हासनगरला जाऊन आलो. हे बरोबर होतेच. गुरुदत्तराव चोवीस वर्षं कारखान्यात स्टोअर सांभाळून निवृत्त झाले, आता आमचा माळा सांभाळतात. कुठल्याही वस्तूचा खोका आणि बिल हा माणूस टाकत नाही. मिक्सर मेला त्याला दहा वर्षं झाली, त्याचा खोका अजून जिवंत आहे. मी आयुष्यभर त्यावरून बोलले, आणि या वेळी फोनचा असाच जपलेला खोका कामाला आला.

दुकानदार सिंधी, गोड माणूस. त्याने फोन हातात घेऊन उलटासुलटा केला, कोपऱ्यातला ओरखडा अंगठ्याने चोळून पाहिला आणि इतका कमी आकडा सांगितला की ह्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. मी तोंड पाडलं. तेव्हा तोच म्हणाला, "माताजी, फोन आपने दिल से रखा है, पर मार्केट दिल नहीं देखता. डब्बा है, बिल है, तो ऑनलाइन डालो. मेरे से ज्यादा आएगा. नया लेने मेरे पास आओ." असा सल्ला देणारा दुकानदार मी पहिल्यांदा पाहिला. नवाही त्याने यंदाचा घेऊ नका म्हणून सांगितलं. गेल्या वर्षीचा घ्या, कॅमेरा तोच आहे आणि जागा भरपूर, फक्त जाहिरातीतला हिरो वेगळा.

पैशाचं सांगते, कारण तू मनात हिशेब करणारच. हप्त्यावर घ्यायला ह्यांची तयारी नाही. हप्ता फिटेपर्यंत वस्तू दुकानदाराची असते आणि आपण नुसते राखणदार, असं त्यांचं म्हणणं. माझी भिशी लागली होती, ती राजसीच्या लग्नात नेसायच्या साडीसाठी ठेवली होती. ती फोनकडे वळवली. साडी जुनी चालेल, व्हिडिओ अर्धा चालणार नाही. उरलेला खड्डा जुन्या फोनच्या पैशांनी भरायचा. तो विकला गेला तरच नवीन येणार, असा सगळा मामला आहे.

जाहिरात ऋतिकाने टाकली. सून माझी गुणी आहे, फक्त बोलते फार भरभर. तिने नियम घातले: आपला नंबर द्यायचा नाही, घरचा पत्ता द्यायचा नाही, बिलाचा फोटो टाकायचा नाही, बोलणं काय ते साइटवरच्या चॅटवर. मजकूर मात्र ह्यांनी लिहिला. 'सदर भ्रमणध्वनी सुस्थितीत असून उजव्या कोपऱ्यात एक ओरखडा आहे, तो वापरास बाधा आणत नाही.' ऋतिका म्हणाली, बाबा, टेंडर नाही काढत आहोत आपण. तरी तिने तो तसाच ठेवला, ते मला आवडलं.

परवा अंबरनाथला भाजी घ्यायला आले होते. तुमच्याकडे गवार चांगली मिळते. तुझ्या गॅलरीत निळी चादर वाळत होती.

ताई


बदलापूर, १६ ऑक्टोबर

अनू,

माणसं किती प्रकारची असतात हे पाहायचं असेल तर जुना फोन विकायला काढावा.

पहिल्या दिवशी अकरा जणांनी एकच प्रश्न विचारला, लास्ट प्राइस? नमस्कार नाही, चमत्कार नाही. एकाने विचारलं, फोनच्या बदल्यात लव्हबर्डची जोडी चालेल का, पिंजऱ्यासकट. हे पाच मिनिटं गंभीरपणे विचार करत होते. एकीने मला फोन कसा वापरायचा हे शिकवाल का असं विचारलं, ती मला बरी वाटली, पण तिला नंतर नवऱ्याने नवीन दिला.

आणि मग एक मोठे अधिकारी आले. ऋतिका ऑफिसला गेली होती, चॅट मी बघत होते. ते फार आदबीने बोलले, आणि मी त्यांना माझा नंबर दिला. हो, नियम मोडला. सुनेला सांगितलं, तुलाही सांगते. त्यांचा फोन आला, हिंदीत बोलणं. बदलीच्या गडबडीत आहे, फोन बघायची गरज नाही, तुमच्या बोलण्यावर विश्वास आहे, पैसे आत्ताच पाठवतो. एक चौकोनी कोड पाठवतो, तो स्कॅन करा आणि तुमचा पिन टाका की रक्कम जमा.

माझ्या डोक्यात ऋतिकाचं वाक्य वाजलं. पैसे येताना पिन लागत नाही, आई, पिन लागतो तो जाताना. तिने ते माझ्याकडून तीनदा म्हणून घेतलं होतं, पाढ्यासारखं.

मग मला चेव आला. मी म्हटलं, टाकते हं पिन, चष्मा शोधते. आणि त्याला बोलण्यात गुंतवलं. गाव कुठलं, घरी कोण कोण. तो थापा मारत होता आणि मी प्रत्येक थापेवर दोन प्रश्न विचारत होते. शेवटी विचारलं, तुला बहीण आहे का रे. तो अडखळला आणि हो म्हणाला. मी विचारलं, तिला फोन करतोस का कधी. त्याने फोन ठेवला आणि मला ब्लॉक केलं. तेव्हा अनू, मला ब्लॉक करणारी आता तू एकटी राहिली नाहीस, तुझ्या रांगेत हा एक लबाड उभा आहे. कंपनी कशी वाटते ते बघ. ह्यांनी सायबरवाल्यांकडे रीतसर तक्रार नोंदवली, दोन परिच्छेदांची.

पण एक निरोप चांगला आला आहे. वांगणीच्या पुढच्या डोंगरातल्या एका वाडीवरून. नाव जिवली. लिहिलं होतं, 'फोटू साफ येतात ना? मी येऊन बघीन, मगच घेईन.' ना घासाघीस, ना लास्ट प्राइस. तिकडच्या फार्महाउसवर शनिवार-रविवार शहरातली माणसं येतात, त्यांना ती तांदळाची भाकरी आणि गावठी कोंबडीचा रस्सा करून पोचवते. पदार्थांचे फोटो पाठवले की ऑर्डर येतात, म्हणून कॅमेरा हवा. स्वतःचा फोन नाही, निरोप भावाच्या फोनवरून. भाऊ देऊ दिवाळीनंतर कामाला बाहेरगावी जाणार, फोन त्याच्याबरोबर जाणार, म्हणून तिची घाई. ऋतिका म्हणाली, येऊन बघणारं गिऱ्हाईक खरं.

फराळाला लागले आहे. चकली या वर्षी जमली नाही, तुटली. तुझा हात नव्हता भाजणीला.

ताई


बदलापूर, २८ ऑक्टोबर

अनू,

विकला गेला.

आदल्या रात्री ऋतिकाने फोन पुसायला घेतला. आधी बँकेचं सगळं काढलं, सिमकार्ड काढलं, मग खात्यातून बाहेर, मग म्हणाली, आई, यातलं काय काय ठेवायचं ते आत्ता सांगा, नंतर देवाला सांगून उपयोग नाही. मी साखरपुड्याचा अर्धा व्हिडिओ दाखवला, आणि आणखी एक फोल्डर दाखवलं. ती हसली. मी म्हटलं, हसू नकोस, ह्यांच्या कॉम्प्युटरवर उतरव. कोणतं फोल्डर ते तुला सांगायची गरज नाही. मग तिने बटण दाबलं आणि माझी सहा वर्षं एका मिनिटात नाहीशी झाली. फोन काळा झाला आणि उजळून सगळ्या भाषांत नमस्कार म्हणायला लागला, जणू माझी ओळखच नाही.

सकाळी ती ऑफिसला गेली. हे खोका पुसत होते. माझ्या मनात मात्र घोळायला लागलं. आपल्याकडे शेजारणीची वाटी रिकामी परत करत नाहीत. सूप दिलं तरी त्यात चार दाणे ठेवून देतात. आई काय म्हणायची, रिकामं भांडं दुसऱ्याच्या घरी पाठवलं तर तिथे काय बरकत जाणार? आणि मी सहा वर्षं वापरलेली वस्तू एका बाईच्या घरी ठणठणीत रिकामी पाठवायची?

म्हणून मी फोन परत उघडला. तो एकेक प्रश्न विचारत गेला, मी उत्तरं देत गेले. विचारलं की सांगावं, अशी आपली सवय. भाषा कोणती, मराठी. नाव काय, सांगितलं. पासवर्ड काय, तोही पाठ होता, उलट अभिमानच वाटला. मग कॅमेरा लावून खिडकीशी बसले आणि त्या बाईसाठी चार शब्द बोलले. आवाजाचं बटण जरा दाबून धरावं लागतं वगैरे. आणखीही काही बोलले असेन. तुझा काय संबंध. मग फोन खोक्यात, खोका पिशवीत.

भेटायचं ठिकाण ह्यांनी ठरवलं, बदलापूर स्टेशनबाहेरचं मिठाईचं दुकान. गर्दी आहे, कॅमेरे आहेत आणि पेढे आहेत. जिवली वेळेच्या आधी येऊन उभी होती. तिशीची असेल, केसात अबोली, पायात धुळीच्या चपला. फोन हातात घेतल्यावर तिने पहिला फोटो पेढ्यांच्या ताटाचा काढला, दुसरा ह्यांचा. दोन्ही मोठे करून पाहिले आणि म्हणाली, पेढं चांगलं आलं. ह्यांनी खोक्यावरचा नंबर आणि फोनमधला नंबर तिला जुळवून दाखवला, बिल दिलं, आणि घरून टाइप करून आणलेल्या विक्रीच्या कागदावर (पत्ता-नंबर सोडून, ऋतिकाचा नियम) तिची सही घेतली. तिनेही न बिचकता कागद पुरता वाचला आणि एक प्रत मागून घेतली. पैसे भावाच्या फोनवरून तिथल्या तिथे आले, बँकेचा मेसेज पाहिल्याशिवाय ह्यांनी खोका सोडला नाही.

मी तिला फराळाचा डबा दिला. दिवाळीच्या दिवसांत कुणी भेटून गेलं आणि हातात फराळ नाही, असं कसं चालेल? ती म्हणाली, "डबा आनून दीन हा, मावशी." मी म्हटलं, घाई नाही.

तिथूनच उल्हासनगर गाठलं. नवा फोन आला आहे, गेल्या वर्षीचा, निळा. जागा इतकी आहे की अख्खं लग्न, मांडव परतणी आणि पहिला दिवाळसणही मावेल. आता बोलावणं तेवढं बाकी.

भाऊबीजेला दादाकडे गेले होते. तू सकाळी येऊन गेलीस म्हणे. मी दुपारी पोचले.

ताई


बदलापूर, ३१ ऑक्टोबर

अनू,

घोटाळा झाला आहे आणि तो मीच केला आहे. या वाक्यावर तू खूश होणार म्हणून आधीच लिहून टाकते.

ऋतिका काल माझा नवा फोन लावून देत होती. मध्येच थांबली. तुमचं खातं जुन्या फोनवर चालू कसं दिसतंय, म्हणाली. मी सांगितलं, फोन रिकामा पाठवायचा नव्हता म्हणून. तिने डोक्याला हात लावला. पैशाचं काही नाही, बँक त्यात नव्हती. पण मी खातं घातल्याबरोबर माझी नावांची सगळी यादी त्या फोनमध्ये जाऊन बसली. आपली माणसं, डॉक्टर, वाणी, सगळे आता वांगणीच्या डोंगरात. तिने इथून ते खातं बंद केलं, पासवर्ड बदलला आणि मग माझ्यासमोर बसून सावकाश म्हणाली, "आई, वाटी आणि फोन वेगळे."

मी म्हटलं, बाई चांगली आहे. ती म्हणाली, नशीब तुमचं. दोघींचंही खरं आहे.

जिवलीला निरोप टाकावा तर भाऊ फोन घेऊन गेला असणार. म्हणजे तिच्याकडे आमचा नंबर नाही आणि आमच्याकडे तिचा. मला सारखी एकच धाकधूक. खातं बंद होईपर्यंत तीन दिवस यादी तिच्यासमोर होती, आणि यादीत सगळ्यात वर कोण आहे ते तुला माहीत आहे. तुला कुणा परक्या बाईचा फोन आला असेल तर रागावू नकोस. म्हणजे आणखी रागावू नकोस.

लग्नाच्या पत्रिका वाटायला लागलीस असं कळलं. आमच्या वाण्याला मिळाली.

ताई


बदलापूर, ६ नोव्हेंबर

अनू,

आज दुपारी दाराची बेल वाजली. दारात जिवली. हातात माझा डबा, कडेला पिशवी. मी काही विचारायच्या आत ती म्हणाली, "तुमचा पत्ता अंबरनाथच्या बाईनी दिला. मी दिला ते सांगू नको बोलल्या. पन मना खोटा बोलाला जमत नाय."

मी खुर्चीत बसले. तिला पाणी द्यायचंही सुचेना, ह्यांनी आणून दिलं.

तिने सांगितलं ते असं. त्या संध्याकाळी घरी जाऊन फोन उघडला तर आत दुनियेची नावं. तिला वाटलं, मावशीचं काहीतरी राहिलं, कळवायला पाहिजे. माझा नंबर त्यात नाही, कारण स्वतःचा नंबर कोण स्वतःच्या फोनमध्ये ठेवतं? मी विचारलं, मग 'अहो' होतं ना, ह्यांना लावायचा. तर पदर तोंडाशी धरून म्हणाली, दुसऱ्या बाईच्या मालकाला सांजचा फोन कसा लावायचा. म्हणून त्याच्या वरचं नाव लावलं. सगळ्यात पहिलं.

पुढचं तिच्याच शब्दांत लिहिते. "पहिली त्या बाई बोलतच नव्हत्या. सुनंदाताईंचा फोन मी घेतलाय बोलली, तर बोलल्या, माझा काय संबंध. मंग मी बोलली, तुमचा नाव सगल्यात वर हाय, म्हनून लावला. तवा गप झाल्या. मना वाटला फोन कटला. मंग हलूच बोलल्या, अजून?"

अनू, मी हे तिच्याकडून दोनदा ऐकलं. दुसऱ्यांदा ऐकताना डोळ्यांना पदर लावला, ह्यांच्यासमोर, जिवलीसमोर, कुणाचीही लाज न बाळगता.

आणि तो व्हिडिओ. मला वाटलं होतं, एका अनोळखी बाईपाशी बोलले, डोंगरात गेलं, विषय संपला. जिवली म्हणाली, "त्यातला निम्मा माझ्यासाठी होता, निम्मा त्यांच्यासाठी. मंग त्यांचा त्यांना पाठवला." म्हणजे तू ऐकलं आहेस. आता लपवण्यात काय अर्थ आहे? मी त्यात म्हणाले होते, हा फोन चांगला आहे बाई, याच्यावर राग धरू नका. याने एकदाच दगा दिला, माझ्या भाचीच्या अंगठीच्या वेळी. त्यात त्याचा दोष नाही, त्याच्या पोटात जागाच नव्हती. इतरांचे गुड मॉर्निंग मी रोजच्या रोज पुसायचे. पण माझी धाकटी बहीण सहा वर्षं रोज सकाळी शुभ सकाळ पाठवायची, कधी चहाचा कप, कधी पोपट, कधी गुलाब, आणि ते काही मला पुसवले नाहीत. आता ती पाठवत नाही. सकाळी फोन बघायला उठावंसं वाटत नाही.

एवढंच होतं ना? की आणखी काही? मी पुन्हा पाहिलेला नाही. तू पाहिला असशील.

हो, ऋतिकाने ठेवलेलं फोल्डर तेच. ह्यांच्या कॉम्प्युटरवर आहे, ह्यांनी त्याला नाव दिलंय, 'अनुया, आवक'.

जिवली चहा पिऊन गेली. फोन कामाला लागलाय म्हणाली, या शनिवारी सोळा भाकऱ्यांची ऑर्डर आहे. डबा उघडून पाहिला तर काठोकाठ नवा तांदूळ, यंदाचा, भाताच्या वासाचा. मी म्हटलं, अगं, हे कशाला? तर म्हणाली, रिकामा डबा कसा आनू?

ऋतिकाला संध्याकाळी सगळं सांगितलं. तिने तांदळाचा वास घेऊन पाहिला. मग म्हणाली, आई, तरीपण पुढच्या वेळी फोन रिकामाच द्यायचा हं.

पत्रिकेचं मी काही विचारत नाही. तू ऐकलंस, एवढ्यावर माझा मार्गशीर्ष झाला.

ताई


बदलापूर, १० नोव्हेंबर

अनू,

आता पत्राची गरज नाही हे मला माहीत आहे. पण पाकीट एक उरलं होतं, आणि काही गोष्टी कागदावर असलेल्या बऱ्या.

सकाळी दूध तापवायला ठेवलं आणि नवा फोन पहिल्यांदाच त्या आवाजात वाजला. उघडला तर चहाचा कप, त्यातून वाफ, बाजूला झेंडू आणि वर मोठ्या अक्षरात शुभ सकाळ. झेंडूचा रंग फार भडक आहे. तुझी आवड काही सुधारली नाही. मी तिथेच उभी राहिले आणि दूध उतू गेलं. हे धावत आले, गॅस बंद केला आणि माझ्या हातातला फोन पाहून म्हणाले, उतू जाऊ दे, शुभ असतं.

मग खाली तुझा चार ओळींचा हुकूम. 'राजसीचं पहिलं केळवण मावशीकडे नाही तर कुणाकडे? पत्रिका रविवारी हातात देते, पोस्टाने नाही, तुझ्यासारखी मी पैसे उधळत नाही. पुष्करही येतोय. अंगठी पुन्हा घालायला सांगू. फोन तेवढा रिकामा ठेव.'

तर ऐक. रविवारी जिवलीच्या तांदळाचा भात आहे, वालाचं बिरडं आहे, आणि तू लवकर आलीस तर चकलीची भाजणी पुन्हा मळू. राजसीला ती मोरपिशी साडी नेसायला सांग, साखरपुड्याचीच. पुष्करला म्हणावं, हात सावकाश पुढे कर, या वेळी घाई नाही, मी बोटापर्यंत पोचेन. ह्यांनी फोनची बॅटरी शंभर टक्के भरलेली असल्याची तपासणी शनिवारी रात्री आणि रविवारी सकाळी अशी दोनदा करायचं ठरवलं आहे.

फोन रिकामा आहे. आजची शुभ सकाळ तेवढी त्यात आहे. ती मी काढणार नाही, तू रागावलीस तरी.

ताई